दुखणे मनगटाचे, पहारा मेंदूचा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

माणगावात तहसील कचेरीच्या आसपास कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फिरून या. लहान लहान दुकानांत, काही ठिकाणी तर जिन्याखालच्या अंगभर जागेत, संगणकासमोर बसलेली माणसे दिसतील. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, बक्षीसपत्र, वारसनोंदीचा अर्ज असे काहीतरी चालू असते. समोर पक्षकार उभा, त्याच्या मागे आणखी दोन उभे. पूर्वी याच जागी टाइपरायटर होते. गोदरेजने २००९ साली टाइपरायटर बनवणे थांबवले. यंत्र गेले, खडखडाट गेला. बोटे मात्र तीच राहिली, आणि बोटांमागची मनगट, कोपर, खांदा, मान ही मंडळीही तीच राहिली.

मी या गावातला साधा फॅमिली डॉक्टर. ताप, खोकला, पोटदुखी, पावसाळ्यात साप-विंचू, आणि गेली पंधरा-वीस वर्षे वाढत्या संख्येने हात दुखणारे. कचेरीतले कारकून, दुकानातले टायपिस्ट, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातली मुले, घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचे काम करणारे तरुण. आज बोलायचे आहे ते त्यांच्या हातांविषयी, आणि त्यातही एका अडचणीच्या प्रश्नाविषयी. टाइप करून महिनोन्‌महिने दुखत राहिलेल्या हातात मनाचा वाटा किती? आणि तो मान्य केला तर उपचार बदलतात का?

अडचणीचा अशासाठी की ‘मन’ हा शब्द काढला रे काढला की समोरच्याचा चेहरा उतरतो. ‘म्हणजे डॉक्टर, मी नाटक करतोय का?’ हा प्रश्न तोंडातून आला नाही तरी डोळ्यांतून येतोच. आपल्याकडे दुखण्याचे दोनच खण केलेले असतात. एक खरे, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारे. दुसरे मनाचे, म्हणजे खोटे. तिसरा खणच नाही. खरी गोची तिथे आहे.

एका बाईंची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. त्यांना नुसते ताई म्हणू. वडिलांचा टायपिंगचा धंदा त्या पुढे चालवतात. वय चाळिशीच्या आसपास. एका मार्चमध्ये, कामाची गर्दी असताना, उजवे मनगट दुखू लागले. मी तपासले. सूज नाही, मुंग्या नाहीत, पकड चांगली. गोळ्या दिल्या, मनगटाला पट्टा दिला, आणि म्हटले, ‘तीन आठवडे हात अजिबात वापरू नका.’ तीन आठवड्यांनी बरे वाटले. कामाला बसल्या आणि दोन दिवसांत दुखणे परत आले, वर कोपरापर्यंत चढून आले.

मग त्या दुसरीकडे गेल्या. तिथे मानेचा एमआरआय झाला. ‘मणक्यात गॅप आहे, नस दबतेय, टायपिंग सोडा, नाहीतर हात जाईल,’ असे त्यांना सांगण्यात आले. त्या दिवसापासून त्या पोळपाटसुद्धा डाव्या हाताने उचलू लागल्या. दोन महिन्यांत डावा हातही दुखायला लागला. पुढे नसांची विद्युत तपासणी झाली, ती अगदी स्वच्छ आली. मलमे झाली, शेक झाले, मालीश झाले. नऊ महिन्यांनी त्या पुन्हा माझ्याकडे आल्या त्या उपचारासाठी नव्हे. म्हणाल्या, ‘डॉक्टर, दुकान भाड्याने द्यायचं ठरवलंय. फक्त हातानं काम होत नाही असं एक सर्टिफिकेट पाहिजे होतं.’ मुलगा बारावीला, घरात दुसरे नियमित उत्पन्न नाही, संगणकाचे हप्ते चालू. सर्टिफिकेट मी दोन दिवसांनी देतो म्हणालो. खरे सांगायचे तर काय करावे ते मला सुचत नव्हते.

त्याच आठवड्यात त्यांच्या सासूबाईंना तपासायला त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ. ताई स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठाची उकड मळत होत्या. भाकरीची उकड ज्यांनी मळली आहे त्यांना ठाऊक आहे, गरम पीठ तळहाताच्या टाचेने रेटून रेटून मळावे लागते. मनगटाला टायपिंगपेक्षा कितीतरी जास्त जोर पडतो. मी दारातून विचारले, ‘याने नाही दुखत?’ त्या थांबल्या. स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘नाही हो. याला नाही दुखत.’

मग आम्ही दोघांनी बसून जरा हिशेब मांडला. नारळ खवताना दुखते का? नाही. मे महिन्यात माहेरी गेल्या तेव्हा? आठ दिवस पट्टा पिशवीतच राहिला. रविवारी रात्री, संगणक बंद असताना? दुखते. वकील मागे उभे राहून ‘झालं का, झालं का’ करतात तेव्हा? बोट लावायच्या आधीच दुखते. म्हणजे दुखणे जोराच्या मापात चालत नव्हते. ते दुसऱ्याच कशाच्या तरी मागे चालले होते.

आता जरा शरीरशास्त्राकडे येऊ. आपली समजूत अशी असते की दुखणे मनगटात तयार होते आणि तारेवरून मेंदूकडे जाते. प्रत्यक्षात मनगटातून जातो तो फक्त इशारा. तो धोक्याचा मानायचा की नाही हे मेंदू ठरवतो, आणि ठरवताना तो बाकीची सगळी परिस्थिती विचारात घेतो. रायगड जिल्ह्याला कबड्डीचे वेगळे समजावून सांगायला नको. चढाईत गुडघा सोलवटून निघतो, रक्त येते, आणि खेळाडूला ते कळते सामना संपल्यावर. जखम तीच, पण मेंदूने ती त्या वेळेपुरती बाजूला ठेवलेली असते. उलटही होते. १९९५ साली ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका बांधकाम कामगाराची नोंद आली होती. त्याच्या बुटातून लांबलचक खिळा आरपार गेलेला. वेदना इतकी की गुंगीची औषधे द्यावी लागली. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही. तो माणूस नाटक करत नव्हता. त्याच्या डोळ्यांनी खिळा पाहिला आणि मेंदूने वेदना तयार केली.

विंचवाचेही तसेच. शेजारच्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे काम केले त्याची दखल जगाने घेतली. विंचूदंशात जिवाला धोका असतो तो विषाचा हृदयावर आणि रक्ताभिसरणावर परिणाम झाला तर. दंशाच्या जागी माणूस तळमळतो, तरी अनेकदा जिवाला धोका नसतो. म्हणजे वेदनेचा आकडा आणि धोक्याचा आकडा एकच असेल असे नाही. (म्हणून विंचू चावल्यावर घरी बसायचे असा अर्थ कुणी काढू नये. दवाखाना तातडीने गाठायचाच.)

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने केली. तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा एकत्र अनुभव मानला आहे, आणि तो शरीराला इजा झाल्यावर येतो तसा, इजा होण्याचा संभव असताना किंवा इजेसारखे वाटतानाही येतो, असे म्हटले आहे. तिसरा खण म्हणतो तो हाच.

तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या दुखण्यात आणखी एक गोष्ट घडते. मणक्यातली आणि मेंदूतली मज्जासंस्था हळवी होते. क्लिफर्ड वुल्फ या शास्त्रज्ञाने १९८३ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवले. एकदा जोरदार वेदनेचे इशारे आले की मज्जारज्जूतल्या पेशी नंतर साध्या स्पर्शालाही वेदनेसारखा प्रतिसाद देऊ लागतात. वाडीत एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा पुढे कसा वागतो ते आठवा. चोर गेला, पण कुत्रा दूधवाल्यावर भुंकतो, पोस्टमनवर भुंकतो, फणसाचे पान पडले तरी भुंकतो. भुंकणे खरे असते, घसा खराच बसतो. फक्त अंगणात चोर नसतो. आणि आपण दर भुंकण्याला कंदील घेऊन बाहेर धावलो तर कुत्र्याला वाटते, बरोबर आहे आपले, धोका आहेच. पट्टा, विश्रांती, रोज मनगट दाबून बघणे, ‘हात जाईल’ हे वाक्य, हे सगळे कंदील घेऊन धावणेच आहे. ताईंच्या बाबतीत पहिला कंदील मीच लावला होता.

हे सगळे संगणकाबरोबर आले असे मात्र समजू नका. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा इटालियन वैद्य होऊन गेला. कामधंद्यातून होणाऱ्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ त्याचा. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर, म्हणजे त्या काळच्या कारकुनांवर, प्रकरण घातले. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली. एक, सतत बसून राहणे. दोन, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल. आणि तीन, चूक होऊ नये, वहीला डाग लागू नये, मालकाच्या हिशेबात तोटा होऊ नये म्हणून मनावरचा ताण. तिसरे कारण वाचून मी चकितच झालो. ताईंना मी विचारले होते, टाइप करताना सगळ्यात जास्त दुखते कधी? त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, ‘गट नंबर टाकताना. एक आकडा चुकला की स्टॅम्पपेपर गेला.’ शंभराच्या स्टॅम्पपेपरच्या जागी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा आला, म्हणजे चुकीची किंमतही पाचपट झाली. रामाझ्झिनीने आणखी एका माणसाचे सांगितले आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि थोड्याच दिवसांत डाव्यालाही तेच झाले. तीनशे वर्षांपूर्वीचा तो माणूस माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून गेला असेच मला वाटले.

पुढे तारायंत्र आले. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारबाबूंच्या हाताला येणारा गोळा ब्रिटनमध्ये १९०८ सालीच नुकसानभरपाईच्या यादीत गेला होता. तिथल्या सरकारी समितीने १९११ साली अहवाल दिला, त्यात हाताचा वारंवार थकवा आणि मज्जासंस्थेचा नाजूकपणा अशी दोन कारणे एकत्र धरली होती. त्यातला ‘नाजूकपणा’ मला खटकतो, कारण त्यात माणसालाच दोष दिल्यासारखा होतो. पण दोन कारणे जोडीने धरली, हे बरोबर होते.

सगळ्यात बोलकी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. १९८३ ते १९८६ च्या सुमारास तिथे कीबोर्डवाल्यांच्या हातदुखीची जणू साथ आली. टेलिकॉम ऑस्ट्रेलिया या एका सरकारी खात्यातच १९८१ ते १९८५ या पाच वर्षांत सुमारे ४,००० तक्रारी नोंदल्या गेल्या. गंमत अशी की सर्वांत भराभर टाइप करणाऱ्या तारखात्यातल्या लोकांत हे प्रमाण खूप कमी होते, आणि ज्यांना कळा फार थोड्या दाबाव्या लागत त्या टेलिफोन ऑपरेटरांत त्याच्या जवळजवळ दहापट. नुसत्या बोटांच्या श्रमाने दुखणे होत असते तर आकडे उलटे यायला हवे होते. मग लोक दोन तट करून भांडू लागले. एक तट म्हणे, ही स्नायूंची इजा आहे. दुसरा म्हणे, हे सगळे डोक्यात आहे. टवाळखोरांनी आजाराला ‘कांगारूचा पंजा’ असे नाव ठेवले. काही वर्षांत साथ ओसरली, पण मधल्या मध्ये खरोखर दुखणाऱ्या हजारो लोकांची, त्यातही बायकांची, जी अवहेलना व्हायची ती झालीच. म्हणून मी ‘हे मानसिक आहे’ असे वाक्य रुग्णापुढे वापरत नाही. ‘तुमची धोक्याची घंटा जास्त हळवी झाली आहे’ असे म्हणतो. ते खरेही आहे आणि ऐकणाऱ्याला लागतही नाही.

आता उपचारांकडे. मन आणि शरीर जोडीने धरून केलेल्या उपचारांचा अभ्यास झाला आहे का? झाला आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या पुण्याला येऊन मिळतो. बी. के. एस. अय्यंगार यांची योगसंस्था पुण्यात शिवाजीनगर भागात १९७५ पासून आहे. मेरियन गार्फिंकेल ही त्यांची अमेरिकन शिष्या. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात मनगटात नस दबलेल्या ४२ जणांचा अभ्यास केला. तो १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, खांदे-हात-मनगटांची ११ आसने आणि शिथिलीकरण. दुसऱ्या गटाला चालू उपचार आणि वर मनगटाचा पट्टा. आसनांच्या गटात पकड वाढली, दुखणे कमी झाले. दुसऱ्या गटात म्हणावा तसा फरक पडला नाही. पण मला त्यातली वेगळीच ओळ महत्त्वाची वाटते. नसेतून विद्युतलहर जायला लागणारा वेळ दोन्ही गटांत फारसा बदलला नाही. म्हणजे नस होती तशीच राहिली, दुखणे कमी झाले. अभ्यास लहान होता, त्यावर मोठी इमारत बांधू नये. तरी ही ओळ विसरता येत नाही.

न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो, २०१७ साली वारले, त्यांची पुस्तके या विषयात फार खपली. दाबून ठेवलेला राग आणि चिंता पाठीत किंवा हातात दुखणे बनून येतात, आणि हे नीट समजले की दुखणे जाते, असे त्यांचे म्हणणे. कीबोर्डवर हात झिजवणाऱ्या पुष्कळ संगणकवाल्यांनी त्यांचे नाव घेतले. रागामुळे स्नायूंचा प्राणवायू कमी होतो ही त्यांची उपपत्ती सिद्ध झालेली नाही, आणि प्रत्येक दुखण्यामागे दाबलेला राग शोधत बसणे मला पटत नाही. पण ‘तुमचे अवयव शाबूत आहेत, भिऊ नका, हालचाल सुरू करा’ हा त्यांच्या सांगण्याचा गाभा पुढे टिकला. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १५१ जणांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच धर्तीचे उपचार चार आठवडे दिले. दुखण्याचा अर्थ नव्याने लावायचा, धोका नाही हे मेंदूला अनुभवातून पटवायचे, असे त्यांचे स्वरूप होते. उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचे दुखणे गेले किंवा जवळजवळ गेले. खोटे इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के, नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. मात्र तो अभ्यास कंबरदुखीचा होता, मनगटाचा नव्हे. मी तो मनगटाला लावतो तो अंदाजाने, हे कबूल केले पाहिजे.

ताईंच्या बाबतीत आम्ही काय केले ते सांगतो. सर्टिफिकेट मी दिले नाही. आधी तो एमआरआयचा कागद काढला. जपानमध्ये १,२११ निरोगी माणसांच्या मानेचे एमआरआय काढून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना काहीही दुखत नव्हते अशा या लोकांत ८७.६ टक्के जणांच्या मानेतली चकती कुठे ना कुठे फुगलेली होती. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. ताईंनी विचारले, ‘म्हणजे माझा हात जाणार नाही?’ मी म्हटले, ‘नाही जाणार.’ नऊ महिन्यांत हे वाक्य त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

मग टायपिंग. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार वेळा, प्रत्येकी पाच मिनिटे. मोबाइलवर गजर लावायचा आणि गजर झाला की थांबायचे. दुखले तरी पाच, नाही दुखले तरी पाच. हा नियम वरवर खुळचट वाटतो, पण सगळी मेख त्यातच आहे. दुखले की थांबायचे असे ठेवले तर मेंदू शिकतो की दुखणे हाच हुकूम. आणि दुखत नाही म्हणून सलग दोन तास बसले तर दुसऱ्या दिवशी भोगावे लागते. घड्याळाला हुकूम दिला की दुखण्याची सत्ता हळूहळू जाते. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवायची. पट्टा आधी दुकानात सुटला, मग घरी.

बसायच्या आधी दोन मिनिटे सावकाश श्वास. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त. खांदे कानांपासून खाली. त्यात गूढ काही नाही, श्वास लांबला की नाडी आणि स्नायूंचा ताण उतरतो, एवढेच. दुखायला लागले तर पळून न जाता नुसते बघायचे: कुठे आहे, ठणकते की ओढते, सरकते का. आणि मनात म्हणायचे, ‘कुत्रा भुंकतोय, चोर नाही.’ यावर त्या खूप हसल्या होत्या, पण हसू आले तेही बरेच झाले. रात्री एका वहीत दोन ओळी लिहायच्या, आज हात केव्हा दुखला आणि त्याआधी काय घडले होते. दहाव्या दिवशी त्या वही घेऊन आल्या. दुखण्याच्या सतरा नोंदींपैकी अकरा ठिकाणी एकाच गिऱ्हाइकाचे नाव होते. माणूस उधारीवर कामे करून घेई, वर चुका काढी. त्याचे औषध माझ्याकडे नव्हते. ते त्यांनीच काढले. आधी पैसे, मग टायपिंग, अशी पाटी लावली.

आणि हो, टेबल. हे मी मुद्दाम वेगळे सांगतो, कारण मनाचे बोलता बोलता टेबल विसरायचा धोका असतो. त्यांची प्लास्टिकची खुर्ची बुटकी, टेबल वडिलांच्या टाइपरायटरचे, उंच. कीबोर्डवर हात ठेवताना खांदे सतत उचललेले. खुर्चीवर घडी करून जाड सतरंजी टाकली, पायाखाली घरातला पाट ठेवला. खर्च शून्य. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी माझ्या या भाषणातून ‘बघा, डॉक्टरच म्हणतात की सगळे मनाचे असते’ एवढेच उचलू नये. सलग सहा तास डेटा एन्ट्री, मोडकी खुर्ची, पाठीवर उभा असलेला साहेब आणि दर सहा महिन्यांनी संपणारे कंत्राट ही सगळी धोक्याची घंटा हळवी करणारीच कारणे आहेत, आणि ती कर्मचाऱ्याच्या मनात नाहीत, कचेरीत आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ताई बऱ्या होऊ लागल्या तेव्हा मला जरा चढले होते. त्याच सुमारास एक तरुण हात दुखतो म्हणून आला. नोकरी नवी, रात्रपाळी, घरात भांडणे. मी मनाशी निदान करून मोकळा झालो आणि श्वास शिकवून घरी पाठवला. तीन आठवड्यांनी तो परत आला, हातातून चहाचा कप निसटून फुटला म्हणून. तेव्हा नीट विचारले. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरे वाटते. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात, करंगळी मोकळी. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा किंचित बसलेला. साखर तपासली तर मधुमेह. मनगटातली नस खरोखर दबलेली होती, शस्त्रक्रिया करावी लागली. हे सगळे पहिल्या दिवशी विचारायला मला पाच मिनिटे लागली असती.

तेव्हा आधी तपासणी, मग मन. बोटांना बधिरपणा किंवा रात्रीच्या मुंग्या असतील, वस्तू हातातून पडत असतील, स्नायू बारीक झाला असेल, सांधा लाल-गरम-सुजलेला असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, सोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वरचे काहीही करू नका. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपण यांत नस दबण्याची शक्यता वाढते. अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखत असेल आणि घरात तान्हे मूल असेल तर ते बहुधा मूल उचलण्याचे दुखणे असते, कीबोर्डचे नव्हे. आणि चढ चढताना, जिना चढताना डावा हात दुखत असेल, छातीत दडपण येत असेल, तर मनगटाचा विचार सोडा आणि हृदयाची तपासणी करा, त्याच दिवशी. यातले काही नसेल, तपासण्या स्वच्छ असतील, दुखणे तीन महिन्यांपेक्षा जुने असेल, जागा बदलत असेल, सुट्टीत कमी आणि सोमवारी जास्त होत असेल, तर मी सांगितलेला रस्ता तुमच्यासाठी असू शकतो. तुमच्या डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलून तो धरा.

ताई आज पूर्ण वेळ काम करतात. मार्चअखेरीला हात अजून कुरकुरतो. त्या म्हणतात, ‘येतो, दोन दिवस राहतो, जातो.’ मुलगा इंजिनिअरिंगला गेला. दुकानाच्या भाड्याचा विषय पुन्हा निघाला नाही. हे भाषण मी हाताने लिहून त्यांच्याकडेच टाइप करायला दिले होते. कागद परत आले तेव्हा एका ठिकाणी पेन्सिलने खूण होती. मी लिहिले होते, चार महिन्यांत हात कामाला लागला. त्यांनी ‘चार’ खोडून वर ‘सात’ केले होते आणि समासात लिहिले होते, ‘डॉक्टर, कमी सांगू नका, लोक चौथ्या महिन्यात सोडून देतील.’